कामाबाहेरचे मत आणि नोकरीवरील कारवाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असल्यामुळे कामाच्या वेळेबाहेर मांडलेल्या मतासाठी कोणताही मालक नोकरीवरून काढू शकत नाही, हा समज जितका व्यापक तितकाच अपुरा आहे. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात, आणि अनुच्छेद 12 मधील ‘राज्यसंस्था’ या संज्ञेत सरकारे, विधिमंडळे, स्थानिक संस्था व सरकारी नियंत्रणाखालील महामंडळे येतात. खासगी कारखाना किंवा सॉफ्टवेअर कंपनी सहसा येत नाही. कौशल किशोर खटल्यात 2023 मध्ये घटनापीठाने बहुमताने अनुच्छेद 19 व 21 खालील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील असे म्हटले खरे, परंतु तो वाद मंत्र्यांच्या वक्तव्यांचा होता, नोकरीचा नव्हता.

सरकारी नोकराने सेवेत येतानाच आपले मत गहाण टाकलेले असते, ही समजूतही चुकीची आहे. कामेश्वर प्रसाद खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा बिहारचा वर्तणूक नियम त्या मर्यादेपर्यंत रद्द केला आणि नोकरी पत्करल्याने नागरिकाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे स्पष्ट केले. मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 राजकारणातील सहभागावर व शासनावरील जाहीर टीकेवर निर्बंध घालतात, आणि 1998 मध्ये कर्नाटकातील एका सरकारी महामंडळाच्या अधिकाऱ्याने राज्यपालांना पाठवलेल्या पत्राबद्दल व वृत्तपत्रांना दिलेल्या निवेदनाबद्दल झालेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

खासगी मालकाला मात्र मोकळे रान आहे, असे याच्या उलट टोकाला मानले जाते, आणि कामगारांचे सर्वाधिक नुकसान बहुधा याच समजुतीने होते, कारण तिच्यामुळे दबावाखाली राजीनामा लिहून दिला जातो आणि दाद मागण्याची वाट बिकट होते. जेथे स्थायी आदेश, म्हणजे सेवाशर्ती व गैरवर्तनाचे प्रकार निश्चित करणारे प्रमाणित नियम, लागू आहेत तेथे त्या यादीत नसलेल्या कृत्याला गैरवर्तन ठरवून शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या रसिकलाल पटेल खटल्यात मांडले. त्याआधी ग्लॅक्सो लॅबोरेटरीज खटल्यात (1984) आस्थापनेच्या ‘आवारात किंवा लगतच्या परिसरात’ या शब्दांचा काटेकोर अर्थ लावून, मालकाची शिस्तीची सत्ता कामगाराचा सर्वत्र पाठलाग करू शकत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. तरीही आवाराबाहेरचे प्रत्येक कृत्य सुरक्षित ठरत नाही. पर्यवेक्षकाला समाजमाध्यमावरून दिलेली धमकी कामाच्या शिस्तीला थेट भिडते, तर निवडणुकीविषयी व्यक्त केलेले मत तसे भिडत नाही, आणि वादाचा निर्णय बहुधा या संबंधावरच होतो. महाराष्ट्रात 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीनुसार सूडबुद्धीने काढणे, खातेनिहाय चौकशीत नैसर्गिक न्यायाची, म्हणजे आरोप कळण्याच्या व बाजू मांडण्याच्या संधीची, पायमल्ली करणे, तसेच किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक कठोर शिक्षा देणे, ही मालकाची अनुचित प्रथा ठरते आणि त्याविरुद्ध कामगार न्यायालयात 90 दिवसांत तक्रार करता येते.

हे संरक्षण पगारदार असलेल्या प्रत्येकाला मिळते, असे समजणे मात्र धोक्याचे आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 आणि त्याच्या जागी आणलेली औद्योगिक संबंध संहिता, 2020 या दोहोंतील ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले आहेत. म्हणूनच यंत्रावर काम करणाऱ्याला असलेली ढाल त्याच कंपनीतील मोठ्या पगाराच्या व्यवस्थापकाला नसते. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालये सहसा सक्तीने अमलात आणत नाहीत, त्यामुळे व्यवस्थापकाची सेवासमाप्ती कराराविरुद्ध ठरली तरी हाती बहुधा पुन्हा नोकरी येत नाही, नुकसानभरपाई येते, आणि ती अनेकदा नोटिशीच्या मुदतीच्या पगाराएवढीच असते. नियुक्तिपत्रातील ‘कंपनीच्या प्रतिष्ठेला बाधा’ यासारखे सैल कलम अशा वेळी निर्णायक ठरते, म्हणून सही करण्यापूर्वी ते वाचणे ही औपचारिकता मानता येत नाही. राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव होऊ नये असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 111 क्रमांकाच्या करारास भारताने 1960 मध्ये मान्यता दिली आहे, परंतु खासगी नोकरीतून राजकीय मतासाठी काढण्यास स्पष्ट मनाई करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा संसदेने केलेला नाही, आणि जिथे उपजीविका व नागरिकत्व एकाच व्यक्तीत नांदतात तिथे ही उणीव गंभीर आहे.