तराजू चांगला, पण संगणकाशी बोलेना

आमच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉनिक तराजू जुना, पण वजन अचूक दाखवणारा. काही वर्षांपूर्वी त्याला जोडलेला संगणक बंद पडला. नव्या संगणकावर जुना प्रोग्रॅम सुरूच होईना, तेव्हा तराजूच भंगारात काढावा असे ठरू लागले. पण दोष तराजूचा होता का?

असा तराजू सिरियल पोर्टमधून बोलतो. अमेरिकेत १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या मानकानुसार एका तारेवरून बिट एकामागून एक जातात. इंग्रजी मोठ्या ‘ए’ चा संकेतांक ६५, म्हणजे द्विमान पद्धतीत ०१०००००१. तो पाठवताना आधी आरंभाचा ०, मग उजवीकडून सुरुवात करून हे आठ बिट आणि शेवटी समाप्तीचा १ जातो. एकूण १० बिट झाले. सेकंदाला ९६०० बिट हा वेग धरला, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातील. ठेका धरणारी वेगळी तार नसल्याने हा वेग दोन्ही टोकांनी आधीच ठरवून घ्यावा लागतो.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत हे बिट ८२५० नावाची चिप गोळा करी. आलेले अक्षर वेळेत, म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदात उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याची जागा घेई. ही सारी व्यवस्था प्रत्येकाने नव्याने लिहू नये म्हणून तयार प्रोग्रॅमांचे संच मिळत. त्यांनाच लायब्ररी म्हणतात. डॉसच्या काळातल्या अनेक लायब्रऱ्या थेट चिपच्या पत्त्यावर जात. पहिल्या पोर्टचा हा पत्ता षोडशमान पद्धतीत ३एफ८ असे.

मेख इथेच आहे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने सामान्य प्रोग्रॅमांना थेट हार्डवेअरला हात लावण्यास मनाई केली. एकाच्या चुकीने सगळा संगणक अडू नये, हा हेतू. डॉसच्या प्रोग्रॅमांसाठी काही सोय ठेवली होती, पण ६४-बिट विंडोजमध्ये तीही उरली नाही. शिवाय पोर्टच्या जागी यूएसबीचा अडॅप्टर आला. त्याची चिप ३एफ८ या पत्त्यावर राहत नाही.

आजची पायसिरियलसारखी लायब्ररी पत्ता शोधत नाही. ती प्रणालीकडे ‘कॉम ३’ अशा नावाने पोर्ट मागते. तराजूच्या पुस्तिकेत वेग, बिटांची रचना आणि वजन मागण्याची आज्ञा छापलेली होती. तेवढ्यावर आम्ही दहाबारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि वजन पडद्यावर उमटले.

तुमच्या शाळेत असे एखादे उपकरण असेल, तर त्याच्या पुस्तिकेतल्या या तीन गोष्टी विद्यार्थ्यांकडून आजच कागदावर उतरवून उपकरणावर चिकटवा. पुस्तिका हरवली, तर चांगले उपकरणही मुके होते.