ओल्या बियांचा वार

सुपारीला थांबता येतं. वाळवून, सोलून, पोत्यात भरून माळ्यावर टाकली की भाव पडलेला असला तरी ती वर्षभर निवांत पडून राहते. जुन्या सुपारीला तर उलट जास्तच मोल. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या आगरकऱ्याची ही घरातलीच बँक. त्याच आगरात, त्याच पोफळींच्या सावलीत वाढणाऱ्या कोकोला मात्र ही सोय नाही. फळ फोडलं की फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ओल्या बिया काट्यावर चढायला हव्यात. त्यानंतर त्या आपोआप आंबायला लागतात, आणि विकणाऱ्याचा घासाघीस करायचा हक्कही त्यांच्याबरोबर संपतो.

चॉकलेटच्या वेष्टणावर ‘जबाबदार खरेदी’ असं काहीबाही छापलेलं असतं. ती जबाबदारी जमिनीवर दिसते कशी, हे पाहायला मी बेळतंगडी तालुक्यात मुंडाजेच्या बाजूला गेलो. या भागात चित्पावनांची बरीच जुनी घरं आहेत. पूर्वज कोकणातून खाली आलेले. घरात चित्पावनी, गड्यांशी तुळू, बँकेत कन्नड आणि माझ्यासारख्या पाहुण्याशी जरा जपून बोललेलं मराठी. यजमान आजोबा खरेदीच्या आदल्या दिवशी सकाळीच आगरात उतरले होते.

कोकोची फळं फणसासारखी थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. हिरवं फळ पिवळं पडलं की काढणीला आलं. ते पिळून तोडायचं नाही, देठ कोयतीने कापायचा. कारण देठाच्या बुडाशी जी गाठ असते तिच्यातूनच पुढची फुलं येतात. ती सोलवटली की त्या जागी पुन्हा फळ नाही. आजोबा प्रत्येक झाडापाशी थांबून खोडावर सरळ वर निघालेले धुमारे हाताने मोडत होते. झाड वर जाऊ दिलं तर फळं माकडांची आणि खारींची, माणसाची नव्हेत. तशीही खारींनी आपला वाटा घेतलेलाच होता. भोकं पडलेली पोकळ फळं झाडावर लटकत होती. काही फळं काळी पडली होती. पावसाळ्यात बुरशीने फळ असं कुजतं, म्हणून सुपारीवर बोर्डो मिश्रण मारतात तेव्हा एक हात कोकोवरही फिरवून घेतात.

फळं फोडायला दोन बायका बसल्या होत्या. हत्यार म्हणजे लाकडी मोगरी. सुरी वापरली तर बीला चीर पडते आणि चिरलेल्या बीला बुरशी धरते. एक घाव, फळ आडवं दुभंगतं, बोटं आत जातात आणि पांढऱ्या गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया एका ओढीत बाहेर. मधली दोरीसारखी नाळ बाजूला टाकायची. मी एक बी चोखून पाहिली. गर आंबटगोड, लिचीच्या वळणाचा. बी चावली तेव्हा मात्र जिभेवर नुसता कडू तुरटपणा. चॉकलेटचा तिथे मागमूसही नव्हता.

चॉकलेटच्या स्वादाची सुरुवात होते आंबवण्यातून. ओल्या बिया लाकडी खोक्यांत भरून गोणपाटाने झाकतात. गरातली साखर आंबते, ढीग तापत पन्नास अंशांच्या आसपास जातो, बी मरते आणि तिच्या आतल्या जांभळ्या रंगाचा तपकिरी होऊ लागतो. मधे दोनदा ढीग वरखाली करून हवा द्यायची. सहा-सात दिवसांनी वाळवण. ओलावा सात टक्क्यांच्या आत यायला हवा. तीन किलो ओल्या बियांची जेमतेम एक किलो सुकी बी हाती लागते. हे घरी का करत नाही, असं मी विचारलं. आजोबांनी आभाळाकडे बोट दाखवलं. थोड्या बियांच्या ढिगाला ऊबच धरत नाही, आणि इथल्या पावसात वाळवायचं कुठे? चुलीवर वाळवावं तर बी धूर ओढून घेते. म्हणून ओलीच विकायची. आणि ओली विकायची, तर विकत घेणारा नेमल्या दिवशी हजर पाहिजे.

या हजेरीला इथे इतिहास आहे. 1965 साली कॅडबरीने वायनाडमध्ये चुंडेल इथे कोकोची प्रात्यक्षिक बाग सुरू केली. पुढच्या दशकात केरळ आणि दक्षिण कन्नडमधल्या शेतकऱ्यांनी नारळी-पोफळींच्या मधे कोको लावला. झाडं ऐन भरात आली आणि 1980च्या सुमाराला जागतिक भाव कोसळला. खासगी खरेदीदारांनी हात आखडला. फळं झाडावर, गिऱ्हाईक नाही, आणि ही काही माळ्यावर ठेवायची वस्तू नव्हे. अनेकांनी झाडांवर सरळ कुऱ्हाड चालवली. तेव्हा खरेदीत उतरली ती कॅम्पको. ही सहकारी संस्था 1973 साली वारणाशी सुब्राय भट यांच्या पुढाकाराने सुपारीसाठी मंगळूरला उभी राहिली होती. तिने ओल्या बिया घेतल्या, आंबवल्या, वाळवल्या, परदेशीही धाडल्या. पण कच्चा माल विकत राहिलो तर भाव कायम दुसऱ्याच्याच हातात राहणार, म्हणून 1986 साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला.

दुसऱ्या दिवशी खरेदीच्या जागी रिक्षा, जीप, स्कूटर यांची रांग होती. पोत्यांतून पाणी ठिबकत होतं आणि सगळ्यांचे डोळे त्या पाण्यावर. ठिबकणारा प्रत्येक थेंब वजनातून, म्हणजे पैशातून जातो. न ठिबकलेला खरेदीदाराच्या माथी बसतो. काट्यावरच्या माणसाने एक पोतं कलतं करून निथळू दिलं. मालक कुरकुरला, मागच्याने मालकाचीच चेष्टा केली, पावती फाटली.

जागतिक बाजारात जबाबदार खरेदीची प्रश्नावली घडली ती पश्चिम आफ्रिकेकडे बघून, आणि ते रास्तच आहे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो. 2020 साली शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी संस्थेने दिलेल्या अंदाजाप्रमाणे त्या दोन देशांत सुमारे 15 लाख 60 हजार मुलं कोकोच्या बालमजुरीत होती. जंगलं तुटली ती वेगळीच. युरोपीय संघाच्या 2023च्या कायद्याने 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून लावलेला कोको नाकारायचं ठरवलं आहे, म्हणून शेतांचे नकाशे जमवणं चालू आहे. मुंडाजेच्या आगरात जंगलाचा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो, कारण कोको उभ्या पोफळींच्या खाली आला. पण भाव निम्म्यावर आला तरी तुम्ही घेणार का, हा उलटा प्रश्न खरेदीदाराला कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला रकाना त्याचा हवा.

कारण भाव असाच वागतो. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला टनाचा दर 12 हजार डॉलरच्या वर गेला होता. वर्षभरात तो निम्म्याखाली आला. तेजीत खासगी व्यापारी दारापर्यंत आले, जास्त दर देऊन गेले. तुम्हीही दिल्या का त्यांना बिया, असं विचारल्यावर आजोबा मोकळेपणाने हसले. ‘दिल्या की! चार पैसे जास्त मिळत होते.’ मग सहकारी संस्थेचं काय? ‘ती कुठे जाते,’ ते म्हणाले. आपल्या संस्थेवरचा हा भरवसा जरा फुकटचा आहे, असं मला वाटलं. तेजीत सभासद पाठ फिरवणार असतील, तर मंदीत काटा चालवायला पैसा यायचा कुठून?

मोगरी चालवणाऱ्या बायकांचं काय झालं, तेही विचारून घेतलं. दर वाढला तेव्हा त्यांची मजुरी वाढली का? सुपारी काढायला चढणाऱ्या गड्यांची वाढली, आजोबा म्हणाले, कारण चढणारे आता मिळत नाहीत. फोडणाऱ्या मिळतात.