सोसवणारी ऊबही भाजते

नागपुरी घराची सगळी तजवीज उन्हाळ्यासाठी असते. खिडकीत कूलर, दाराला वाळ्याचा पडदा. थंडी मोजून काही आठवड्यांची, म्हणून तिच्यासाठी वेगळं काही केलेलं नसतं. पण ती येते तेव्हा चांगलीच झोंबते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यात काय आणि नव्या फ्लॅटमध्ये काय, माळ्यावरची गरम पाण्याची पिशवी खाली येते, कपाटातलं इलेक्ट्रिक ब्लँकेट गादीवर पसरलं जातं आणि घरातले ज्येष्ठ पाय शेकत झोपी जातात. धोका याच झोपेत आहे.

भाजणं म्हटलं की तवा, उकळतं पाणी, फटाके आठवतात. पण हाताला सुखद लागणारी वस्तूही भाजते. तिला वेळ मात्र लागतो. अमेरिकेतल्या मोरित्झ आणि हेन्रिकेस या संशोधकांनी १९४७ साली याचा हिशेब मांडला. त्वचा ६० अंशांना टेकली तर पाचेक सेकंदांत भाजते, ४९ अंशांना नऊ-दहा मिनिटांत, ४७ अंशांना पाऊण तासात. आणि ४४ अंशांना? सुमारे सहा तासांत. म्हणजे एका रात्रीच्या झोपेत.

एरवी त्वचेला पोचलेली उष्णता रक्त वाहून नेतं. पण टाच पिशवीवर दाबून ठेवली की तिथला रक्तप्रवाह मंदावतो आणि उष्णता जागच्या जागी साचत आत उतरते. घोटा, नडगी, टाच इथे त्वचेखाली लगेच हाड, त्यामुळे इजा खोल जाते. सकाळी दिसतो तो लालसर किंवा पांढुरका डाग, फार तर एक फोड. आतली जखम बाहेरून दिसते त्याहून बरीच मोठी असू शकते.

धडधाकट माणूस चटका बसताच झोपेतही पाय ओढून घेतो. ज्यांच्या नसा मधुमेहानं बधिर झाल्या आहेत, त्यांना चटका कळतच नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. ‘‘आई, पिशवी फार गरम तर नाही नं?’’ ‘‘नाही गं, काहीच लागत नाही.’’ घरोघरी होणाऱ्या या संवादातलं ‘काहीच लागत नाही’ ऐकून खरं तर सावध व्हायला हवं. पायाची संवेदना तपासायला डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात. धागा टेकल्याचं कळलं नाही, तर त्या पायाला शेकाची पिशवी वर्ज्य. झोपेची गोळी किंवा मद्य घेतलेले, अर्धांगवायूचे रुग्ण आणि तान्ही बाळंही याच धोक्यात येतात.

तान्ह्या बाळांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपाची धुरी, ही रीत अजून काही घरांत पाळतात. बाळाला कूस बदलता येत नाही, चटका कशाचा हे सांगता येत नाही. शिवाय खोली बंद असेल तर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माय-लेकरांच्या जिवावर बेततो. बाळाला दुपटं, टोपी आणि आईची कूस पुरते.

बाकीच्यांसाठी नियम एकच: ऊब अंथरुणाला द्यायची, अंगाला नाही. ब्लँकेट झोपण्याआधी अर्धा तास लावा आणि आडवं होताना बटण बंद करून प्लग काढा. पिशवीही आधी दुलईत ठेवा, झोपताना बाहेर काढा. तिच्यात उकळतं पाणी नको. दोन-तृतीयांश भरा, हवा काढा, टॉवेलात गुंडाळा. दुखण्यासाठी शेक घ्यायचा तर जागेपणी, पंधरा-वीस मिनिटं. गरमपणा घरातल्या निरोगी माणसानं हाताला लावून पाहावा.

नागपूरकरांनी आणखी एक पाहावं. माळ्यावरच्या पिशवीनं ४५ अंशांचा मे महिना सोसलेला असतो. उन्हाळ्यात रबर कडक होतं, चिरतं. चीर दिसली की पिशवी टाकून द्यावी. ब्लँकेटही घट्ट घडी घालून ठेवलं तर आतल्या तारा मोडतात. अमेरिकेतल्या मुलांनी पाठवलेलं ब्लँकेट तिथल्या १२० व्होल्टचं असेल, तर ते नुसता अडॅप्टर लावून आपल्या २३० व्होल्टवर चालवू नये. उष्णता जवळपास पावणेचार पट होते.

एवढं करूनही भाजलंच, तर त्या जागी वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका. फोड फोडू नका. रात्रीत कधी भाजलं ते कळलंच नसेल, तर पाण्यानं फारसं साधत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर रुपयाएवढ्या डागासाठीसुद्धा. रामदासपेठेत दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो; उशीर होतो तो ‘एवढंसं तर आहे’ म्हणण्यात.