ऐकू आलं, पण कोणाचं?

होरेब पर्वतावरच्या गुहेपाशी संदेष्टा एलीयाला आपण गेल्या आठवड्यात सोडलं. आज ग्रीसमधल्या ॲथोस पर्वतावरच्या संन्याशांकडे जायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला आहे: शांत बसल्यावर मनात जे उमटतं ते देवाचं की आपलंच, हे ओळखायचं कसं? याला बगल देऊन पुढे जाणं बरं नाही. माझं मत आधीच सांगतो. ज्यांनी आयुष्यभर निःशब्द प्रार्थना केली, त्यांनीच अशा ‘ऐकू आलेल्या’ गोष्टींवर सर्वांत कमी भिस्त ठेवली. हा त्यांच्या श्रद्धेतला उणेपणा नव्हता; ऐकण्याच्या साधनेचाच तो भाग होता.

संत इग्नेशियस लोयोला यांचंच पाहा. १५२१ साली पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय निकामी झालेला हा बास्क योद्धा पुढच्या वर्षी स्पेनमधल्या मान्रेसा गावी पोचला. तिथे ते रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करत. पण रात्री अंथरुणाला पाठ लागली की थोर थोर आध्यात्मिक विचार मनात दाटून येत, विलक्षण गोडी वाटे, आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप त्यात उडून जाई. दुसऱ्या कुणी हा प्रसादच मानला असता. इग्नेशियस यांनी हिशेब मांडला: देवासाठी दिवसाचे इतके तास राखून ठेवले आहेत, मग हे सगळं नेमकं झोपेच्याच वेळी का यावं? त्यांनी ते विचार बाजूला सारले आणि झोपून गेले. पुढे बार्सिलोनात, तिशी उलटल्यावर, ते लॅटिन व्याकरणाचे पहिले धडे गिरवू लागले तेव्हा पुन्हा तोच अनुभव. पाठांतराला बसलं की नवनवे साक्षात्कार सुचत. मिस्साच्या वेळी किंवा प्रार्थनेत मात्र इतकं ठळक काही येत नसे. हा फरकच त्यांना बोलका वाटला. सांता मारिया देल मार या चर्चमध्ये बसून त्यांनी शिक्षकांना सारं सांगितलं आणि शिकवणी चुकवणार नाही असा शब्द दिला. विचार पवित्र आहे एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. तो कोणत्या वेळी येतो, कशापासून ओढून नेतो आणि मागे काय ठेवून जातो, हे त्यांनी पाहिलं. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातले पारखण्याचे नियम अशाच अनुभवांतून घडले आहेत.

संत जॉन ऑफ द क्रॉस याहून कडक. ‘कार्मेल पर्वताचा चढ’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ते सांगतात की पुष्कळ माणसं ध्यानात स्वतःशीच बोलतात, आणि देव बोलला असं समजून चालतात. म्हणून अशा शब्दांना कवटाळूच नये. यावर कुणी म्हणेल, खरोखरच देव बोलला असेल तर हा त्याचा अव्हेर नाही का? त्यांचं उत्तर मला बिनतोड वाटतं. शब्द देवाचा असेल तर त्याचं काम तो आत शिरतानाच करून जातो, आपण धरून ठेवल्याने त्यात भर पडत नाही. आणि नसेल, तर न धरल्याने आपण वाचतो. आव्हिलाच्या संत तेरेसा यांनी स्वतः असे शब्द अनेकदा ऐकले होते. तरीही १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक किल्ला’ या ग्रंथात त्यांचा आग्रह आहे की अशा शब्दाने काही करायला सांगितलं, तर जाणत्या धर्मगुरूला विचारल्याशिवाय ते करू नये.

मग बायबलमधल्या शमुवेलाचं काय, हा आक्षेप येणारच. त्याला तर थेट हाक आली होती! पण तो प्रसंग नीट वाचा. हाक ऐकणाऱ्या मुलाला ती कोणाची हे कळलंच नाही. तो उठून याजक एलीकडे धावला, एकदा नव्हे तीनदा. ओळखलं ते एलीने, ज्याची दृष्टी मंदावली होती आणि ज्याला त्या रात्री काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि निरोप काय होता? एलीच्याच घराण्यावरचा न्याय. सकाळी मुलगा सांगायला कचरत होता, तेव्हा एलीने शपथ घालून तो वदवून घेतला आणि मान्य केला. पारखणाऱ्याच्या सोयीचा नसलेला निरोप पारखणाऱ्यानेच खरा ठरवला, याहून मोठी कसोटी मला पवित्र शास्त्रात क्वचितच दिसते.

आता शेवटचा आणि सर्वांत रास्त आक्षेप: सगळं दुसऱ्याकडूनच तपासून घ्यायचं, तर एकट्याने गप्प बसायचं कशाला? इग्नेशियस यांनी इथे तराजूचा काटा आठवला आहे. निर्णय घेण्याआधी मन मधोमध उभं राहिलं पाहिजे, कोणत्याही पारड्याकडे न झुकता. आपलं बोट कोणत्या पारड्यावर आहे, हे बोलत असताना सहसा कळत नाही. गप्प बसलं की आधी आपलीच हाव, भीती, राग वर येतात. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डी मेलो यांच्या ‘साधना’ या १९७८ च्या पुस्तकातला पहिलाच अभ्यास शांततेचा आहे, आणि तीत आधी आपण स्वतःच उघडे पडतो यावर त्यांचा भर आहे. निराश होऊन पुष्कळजण इथेच उठतात. खरं तर काम इथून सुरू होतं.

एकाची शांतता आणि अनेकांची पारख यांची सांगड क्वेकर मंडळींनी फार चांगली घातली आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या पंथाच्या कामकाजाच्या सभाही मौनातच भरतात. तिथे मतदान होत नाही. एकजण बोलतो, मग पुन्हा शांतता, मग दुसरा. सभेचा कल कुठे आहे हे सभा चालवणारा क्लार्क जोखतो, ठराव तिथल्या तिथे लिहितो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. तो पटला नाही तर तिथेच सांगता येतं. आणि एकमत जुळत नसेल तर विषय पुढच्या सभेवर जातो, मग त्याला कितीही महिने लागोत.