परसांतील लिंबोणी आणि नीलवंत

रायगडच्या किनाऱ्यानजीक, मुरुड व रोहे तालुक्यांतील फणसाड अभयारण्यांत, पावसाळा सरतां सरतां आम्ही कांहीं समानशील मंडळी कॅमेरे घेऊन फुलपांखरें पाहावयास जातों. ओल्या मातींतील क्षार शोषण्यांत नर गुंग असतात; आपली सावली त्यांवर न पडूं देतां हलकेंच बसलें, कीं छायाचित्र उत्तम साधतें. २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य-फुलपांखरूं ठरलेल्या ‘नीलवंता’ची अळी लिंबू-पपनसाच्या जातीच्या झाडांचीं पानें खाऊन वाढते. परसांतील लिंबोणीवर अळी दिसतांच औषध फवारावयाचें आणि पुढें फुलपांखरें दिसत नाहींत म्हणून हळहळावयाचें, ही विसंगति सुज्ञ वाचकांनीं टाळावी. चार पानें गेलीं तरी पुन्हां पालवी फुटते. मारलेल्या अळीचें मात्र फुलपांखरूं होत नाहीं. कोशांतून तें बाहेर पडतांना मुलांना घरींच दाखवावें.