रिपोर्ट टाकणारे, पडताळणारे

2002 साली ब्लेंडर विकत घेतलं ते वापरणाऱ्यांनीच. नेदरलँड्समध्ये जन्मलेलं हे थ्रीडी सॉफ्टवेअर ज्या कंपनीकडे होतं, ती बंद पडली. निर्माता टॉन रोझेंडाल याने गुंतवणूकदारांना गळ घातली, तेव्हा 1 लाख युरो मिळाले तर सोर्स कोड खुला करायला ते तयार झाले. जगभरच्या लोकांनी ही रक्कम 7 आठवड्यांत उभी केली. त्या वर्षीच्या 13 ऑक्टोबरला कोड सर्वांसाठी खुला झाला.

पण कोड खुला असलेली कितीतरी सॉफ्टवेअर कुणी हात न लावता पडून आहेत. ब्लेंडर का तगलं, हे मला त्याच्या बग रिपोर्टमध्ये दिसलं.

एका मॉडेलवर काम करताना ब्लेंडर सारखं बंद पडत होतं. हेल्प मेन्यूतून रिपोर्टचा फॉर्म उघडला. ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड, आवृत्ती ही माहिती त्यात आधीच भरलेली होती. नेमकं काय केलं की बिघडतं, तेवढं मी लिहायचं होतं. लवकरच उत्तर आलं : फॅक्टरी सेटिंग्ज लोड करून पाहा, अ‍ॅड-ऑन बंद ठेवा आणि जमेल तितकी छोटी फाइल जोडा.

मग मी एकेक गोष्ट काढत गेले. आधी दिवे, मग टेक्श्चर, मग एकामागून एक मॉडिफायर, म्हणजे मूळ आकारावर आपोआप बदल करणारी साधनं. दर वेळी फाइल सेव्ह करायची, पुन्हा उघडायची, तीच कृती करायची. शेवटी दोन घन आणि एक बूलियन मॉडिफायर एवढंच उरलं, तरीही ब्लेंडर बंद पडलंच! ती फाइल कुणीतरी आपल्या मशीनवर उघडली, तिथेही तेच घडलं आणि रिपोर्टवर ‘कन्फर्म्ड’ असं लेबल लागलं.

या पडताळणीला ट्रायाज म्हणतात. माझ्या मते सगळ्या डोलाऱ्याचा भार इथेच पेलला जातो. आपल्या मशीनवर जे घडतच नाही, ते प्रोग्रामर दुरुस्त कसं करणार? आणि पहिल्याच रिपोर्टला उत्तर मिळालं नाही, तर नवखा माणूस दुसरा रिपोर्ट कशाला टाकेल?

शिकवणारेही असेच पुढे आले. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू प्राइसचे ब्लेंडरमध्ये डोनट बनवायचे मोफत धडे गिरवत असंख्य नवख्यांनी सुरुवात केली; मीही त्यातलीच. 2025 मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियन दिग्दर्शकाचा अ‍ॅनिमेशनपट ब्लेंडरमध्ये बनला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. लोक मात्र त्याआधीच जमलेले होते.

दुरुस्ती झाली की ती रोजच्या चाचणी-आवृत्तीत येते आणि कुणालाही उतरवून घेता येते. मोकळ्या वेळी मी आता इतरांच्या रिपोर्टमधल्या फाइल उघडते. माझ्याकडेही तसंच घडलं तर ग्राफिक्स कार्ड आणि आवृत्ती लिहिते. घडलं नाही, तर तेही लिहिते. यासाठी कोडची एक ओळही लिहिता यावी लागत नाही.