सिमेंट वाळते का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली. ऐन वेळी गवंडी लग्नसराईसाठी गावी गेला. तेव्हा स्वयंपाकघराची फरशी आपणच बसवावी, असे आम्ही पतिपत्नींनी ठरवले. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. फरशी एक फूट चौरस. म्हणजे ८० फरशा. हिशेब तर सोपा होता!

पहिल्या दिवशी १२ फरशा बसवल्या. ओळी दोरीत आणि काटकोनही बरोबर. सिमेंट लवकर वाळावे म्हणून मी रात्रभर पंखा चालू ठेवला. चौथ्या दिवशी पत्नीने फरशीवर चमचा वाजवून पाहिला, तर आवाज पोकळ! पाय देताच फरशी हलली. उचलली, तर खालच्या सिमेंट-वाळूचा बोटांनी भुगा होऊ लागला.

"अहो, हे वाळलंय खरं, पण घट्ट कुठं झालंय?" ती म्हणाली.

मित्रांनो, तिच्या या प्रश्नातच उत्तर दडलेले होते. वाळणे आणि घट्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिखल वाळतो, म्हणजे त्यातले पाणी उडून जाते. तो पुन्हा भिजवला की पुन्हा चिखल होतो. सिमेंटचे तसे नाही. त्यातील कॅल्शियम सिलिकेटांचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि नवे, परस्परांत गुंतलेले सूक्ष्म कण तयार होतात. हेच कण वाळूला आणि फरशीला धरून ठेवतात. १ किलो सिमेंटची क्रिया पूर्ण झाली, तर सुमारे २३० ग्रॅम पाणी त्यात कायमचे बांधले जाते. म्हणूनच सिमेंट पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. ही क्रिया सावकाश चालते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची पद्धत आहे ती याचमुळे. मध्येच पाणी संपले, तर क्रियाही थांबते.

मग आमचे पाणी गेले कोठे? थोडे पंख्याने नेले. बाकीच्याचा शोध पत्नीनेच लावला. तिने कोऱ्या फरशीच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकला. पाहता पाहता तो नाहीसा झाला! फरशीची पाठ सच्छिद्र होती. अशी बारीक छिद्रे केशनळ्यांसारखे काम करतात. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. नळी जितकी बारीक, तितकी ओढ जास्त. कोरड्या फरशीने सिमेंटच्या तोंडचे पाणी पळवले होते. केशाकर्षण मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. स्वयंपाकघरात मात्र ते मला आठवले नाही!

आम्ही सर्व १२ फरशा काढल्या. त्यात तीन फुटल्या. या खेपेस फरशा बादलीत बुडवल्या. छिद्रांतील हवेचे बुडबुडे येणे थांबल्यावर त्या बाहेर काढून पाठ पुसून घेतली. खालची जमीनही भिजवली. फरशा बसवून दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओले गोणपाट अंथरले आणि पंखा बंद ठेवला. (व्हिट्रिफाइड फरशा मात्र अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाहीत. त्या भिजवून उपयोग नाही. त्यांना वेगळा चिकट मसाला लागतो.)

तुम्हीही हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहा. तीन सारख्या विटा घ्या. दोन विटा रात्रभर पाण्यात ठेवा, तिसरी कोरडी असू द्या. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि पाणी कालवून तिन्हींवर सारखा थर द्या. हातमोजे अवश्य घाला, कारण ओले सिमेंट त्वचेला भाजते. भिजवलेली एक वीट आणि कोरडी वीट ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवा. भिजवलेली दुसरी वीट उघडी उन्हात ठेवा. सात दिवसांनी तिन्ही थर खिळ्याने ओरखडून पाहा. कोणता थर जास्त झडला, ते वहीत लिहून ठेवा आणि त्याचे कारण शोधा.

आमच्या ८० फरशा आता पक्क्या बसल्या आहेत. चमचा वाजवला की खणखणीत आवाज येतो. आणि "सिमेंट वाळलं का?" असे आमच्या घरी आता कोणी विचारत नाही.